नजर येईपर्यंत

११ एप्रिल १९८६, लातूर

पेटी बंद पडली! कमी दिवसांच्या बाळांची काचेची पेटी — आमच्या दवाखान्यात एकच आहे. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, पाट्या सगळ्या नव्या, वीज मात्र जुनीच! दुपारी गेली, आली ती अशी आली की पेटीतून धूर निघाला. आत औशाच्या शिवकांताची मुलगी. आठवा महिना नुकता लागलेला, वजन साडेबाराशे ग्रॅम. शिवकांता स्वतः बेशुद्ध — रक्तदाब चढून झटके आले होते.

मागे एका मासिकात वाचलं होतं. दक्षिण अमेरिकेत पेट्या पुरेनात, म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवरच बांधली. आणि ती जगली! इथे आईच शुद्धीवर नाही. मग बाप! मन्मथला सदरा काढायला लावला. डाळ मिलमधून तसाच आलेला, अंगभर पिवळी भुकटी. टँकरच्या अर्ध्या बादलीत पुसून घेतला. घरातलं कुणी अडवेल अशी धास्ती होती, पण लिंगायतांत सोयर पाळत नाहीत म्हणे. त्याने गळ्यातली लिंगाची डबी हळूच खांद्याकडे सरकवली, आणि लुगड्याच्या पट्टीने आम्ही बाळ त्याच्या छातीशी बांधलं. त्याची आई शांतम्मा दारातून म्हणाली, "आता कोंबडीवाणी बसून ऱ्हा बाबा!"

बसला. संध्याकाळी बाळाचे तळपाय उबदार लागले. मला रडूच आलं. चांगुणा सिस्टरने पाहिलं नसावं.

१३ एप्रिल

शिवकांता शुद्धीवर आली. पहिलं वाक्य — "दिवा लावा की कुणीतरी." सकाळचे अकरा वाजले होते!

पुस्तकात आहे हे. झटक्यांनंतर मेंदूला सूज येते, डोळे धड असूनही दिसत नाही. बॅटरी मारून पाहिली, बाहुल्या नीट आकसतात. बहुतेकींना आठवड्याभरात दिसू लागतं. तसं तिला सांगितलं. जरा जास्तच ठासून सांगितलं. मग बाळ तिच्या छातीवर ठेवलं. तिने कान चाचपले, नाक चाचपलं, पायांची बोटं एकेक करून मोजली. "समदी हायेत," म्हणाली.

१४ एप्रिल

भीमजयंती. मिरवणुकीत जराशी उभी राहिले. आमच्या नायगावची, घरच्यांची फार आठवण आली. परत वॉर्डात. बाळ वीस ग्रॅमने घटलं.

१९ एप्रिल

पेटी दुरुस्त होऊन आली. मोठे सर राउंडला शिवकांताच्या खाटेपाशी थांबले. "हा प्रयोग पुरे. बाळ पेटीत." सर वाईट नाहीत, पण यंत्रावर त्यांची भक्ती आहे.

मी भांडले. हो, भांडलेच, सगळ्यांसमोर! म्हटलं, पेटी धुवायला पाणी कुठंय? टँकर दिवसाआड. आत जंतू बसले तर हे बाळ वाचायचं नाही. सर बधेनात. मग म्हटलं, "सर, त्या आईला बाळ दिसत नाही. आता हातातूनही काढून घ्यायचं?"

सरांनी बाळाचा वजनाचा कागद उलटून पाहिला. मग — "बरं. तिला नजर येईपर्यंत. नजर आली की पेटीत."

शिवकांता ऐकत होती.

२३ एप्रिल

नजर नाही! बोट डोळ्यांजवळ नेते, पापणीसुद्धा लवत नाही. मी शब्द देऊन बसलेय तिला. जेवण जात नाही.

शांतम्मा तिला हाताला धरून संडासला नेते. आधी म्हणायची, "आंधळी सून घिऊन काय करू मी?" आता दोघी वाटेत कुजबुजतात, हसतातसुद्धा! बरं वाटलं बघून. बाळ तेराशे वीस.

२८ एप्रिल

नांदेडला डोळ्यांच्या एका डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "इतके दिवस? ऐकलं नाही कधी. लिहून काढा, छापून येईल." खरं सांगायचं तर गुदगुल्या झाल्या. माझं नाव छापून! आणि लगेच स्वतःची लाज वाटली. बाईला दिसत नाही, आणि मला मासिक दिसतंय.

तरी लेख लिहायला घेतला आहे.

२ मे

दुपारी बाळ श्वास घ्यायचं विसरलं. एवढ्याशा बाळांचं होतं असं. शिवकांताने तळपायाला टिचकी मारली, बाळ रडलं, मग तिने हाक मारली. मी धावत गेले तोवर सगळं ठीक! "छातीवर हालचाल थांबली की कळतंय मला," म्हणाली. पेटीत असतं तर? सिस्टर एकटी, खाटा तीस.

मी तिथेच खाटेवर बसून राहिले.

५ मे

बाळ सोळाशे! चमच्याची गरज नाही, अंगावर पितं. सर म्हणाले, उद्या घरी सोडा. पेटीचं नाव काढलं नाही. शिवकांताला मात्र अजून दिसत नाही. काय तोंडाने निरोप देऊ?

लेख पूर्ण झाला.

६ मे

निघताना दारात शिवकांता म्हणाली, "डॉक्टरीनबाई, भुवईत एक केस पिकलाय तुमच्या. दोन हप्त्याखाली न्हवता." मी बघतच राहिले. शांतम्मा तोंडाला पदर लावून हसत होती.

"सर म्हणले होते ना, नजर आली की पेटीत. तुमचं बोट डोळ्याकडं आलं की मनात शिव शिव करून ऱ्हायचे."

रागवायला हवं होतं. मी तिच्या गळ्यातच पडले. लेख फाडला. मग आरशात पाहिलं — खरंच पिकलाय!