आईचं ‘न्हाय’

१२ जानेवारी
सकाळी आईचा ऑक्सिजन ८४. झोपेत नळी नाकातून निसटलेली. भिंतीकडे बघत म्हणाली, “पाणी बघ कसं हलतंय.” भिंतीवर खिडकीतलं ऊन होतं. मी विचारलं, “गावी जायचं का, दिघाशीला, नानाकडे?”
“न्हाय.”
पस्तीस वर्षं शाळेत पोरांचं हाय-न्हाय सुधारणारी ही बाई.
नळी लावली. ९४ ला शुद्ध बोलली, “नाही. मी इथेच बरी.”
म्हणजे दोन्हीकडून नकार. नानाला, माझ्या भावाला, फोन केला. तो म्हणतो, “ताई, परत इचार. घर तिचंच हाय.”

१५ जाने.
बारावीच्या वर्गाला मेंदू शिकवला. काही पेशी शेजारणीला ‘कर’ सांगतात, काही ‘नको’. ऑक्सिजन कमी पडला की नकोवाल्यांचा आवाज आधी बसतो, असं मी बोलून गेले. मागच्या बाकावरून, “मॅम, मग माणूस खरं बोलतो?” वर्ग हसला. मी विषय बदलला.
घरी वाचलं. इतकं सोपं नाही. कुठे ‘नको’ आधी वाढतं, मग ओसरतं. उद्या वर्गात दुरुस्त करणे.

१९ जाने.
दुपारी वीज गेली. आमच्या टेमघरचे सगळे कापडाचे लूम एकदम थांबले, खोली पाण्याखाली गेल्यासारखी. आईचं ऑक्सिजनचं मशीनही बंद. सिलिंडर हाताशी होता. ती बोलायला लागली आणि मी तो जोडायची थांबले. दोन मिनिटं. खरं लिही, चार.
“वहाळावर... केस सोडून... न्हाय... न्हायचंय गं.”
ती ‘नाही’ म्हणतच नव्हती. तिला न्हायचं होतं, गावच्या ओढ्याच्या पाण्यात. बारा तारखेलाही तेच?
की आजचंच खरं धरतेय मी, मला हवं म्हणून?
मीटरवर ७९. मग नळी. तिच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत मी...

२० जाने.
डॉक्टरांना सांगितलं, चार मिनिटांसकट. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. “मॅडम, मेंदूचा ब्रेक सैल झाला म्हणजे गाडी मनातल्या गावाला जाते असं नाही. उतार असेल तिकडे जाते.”
दिघाशीला नेता येईल का? “सिलिंडर जास्तीचे ठेवा. तिथे वीज जाते, दवाखाना लांब. परतीचं धरून ठरवू नका.”
उतार आणि गाव एकाच दिशेला असतील तर? हे विचारायचं राहिलं.

२३ जाने.
९५. उशीला टेकून चहा. आईनेच विचारलं, “झोपेत मी काय काय बोलते?”
सगळं सांगितलं. चार मिनिटंही.
“ऐकायला थांबलीस?”
“हो.”
चहाचा घोट घेतला. मग म्हणाली, “लहानपणी दाराआड उभी राहून ऐकायचीस. सवय गेली नाही.”
“आई, जायचं का?”
“ती झोपेतली जायचं म्हणते ना? ने तिला.”
“आणि तू?”
“मी चहा संपवते.”
हसली, खोकला आला, ९१ वर जाऊन परत ९४.
नानाचा फोन येऊन गेला. रविवारी गाडी आणू का, विचारतो. सांगते म्हटलं.