ट्रायल बाकी

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७
निवृत्तीचा दुसरा दिवस. आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं अमरावतीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होतो, रोज रजिस्टर भरायची सवय. पान कोरं राहिलं की हाताला चैन पडत नाही.
आशा म्हणाली, अवो, आता तरी आठ वाजेपर्यंत झोपत जा. झोपून काय करू? काल पाचला उठलो आणि मिक्सर खोलला. मिक्सर चांगला होता. आता दुरुस्त करावा लागेल.

३ नोव्हेंबर
काम आपल्या पायांनी घरी आलं. प्रणालीने सायकलची फ्रेम आणली. कार्बनची, पुण्याच्या एका खेळाडूने वापरलेली. एका बोटावर उचलली. इतकं हलकं काही मजबूत असतं यावर माझा विश्वास नाही, पण बोललो नाही.
हार्डटेल म्हणतात हिला. म्हणजे पुढे शॉकअप, मागे काही नाही. बाकी सगळे पार्ट आपण निवडून बसवायचे. पोरगी बी.पी.एड. करते आणि डोंगरात सायकल चालवते. १४ डिसेंबरला अकोटच्या पुढे, पोपटखेडजवळ, राज्याच्या संघासाठी निवड आहे. तिच्या वयोगटात तिला ही शेवटची. पुढच्या वर्षी वय निघून जातं.
अकोल्याला कुलदीप नावाचा मुलगा अशा सायकली जोडतो. फ्रेम त्याच्याकडे द्यायची असं तिचं ठरलं होतं. मी म्हटलं, घरात मेकॅनिक असताना? तिने फ्रेमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, बाबा, तुमाले करू वाटून राहिलं का? मंग करा. पण मोजून करजा.
तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आशा म्हणते, ती कांदा चिरत होती. होती, पण ते पाणी कांद्याचं नव्हतं.

४ नोव्हेंबर
संकल्प. एक, ३० तारखेपर्यंत सायकल उभी. दोन, माझा नियम सायकलीलाही लागू. नियम असा: ज्याने पाना लावला, त्याने पहिल्या ट्रायलला गाडीत बसायचं. ब्रेक मी केले तर मी ड्रायव्हरशेजारी. एकतीस वर्षांत एकदाही चुकवला नाही. प्रणाली लहान असताना डेपोत यायची आणि विचारायची, तुमीच काहून बसता? मी सांगायचो, आपण बसायला तयार नसलो तर दुसऱ्याला बसवायचं नाही. तिला पाठ आहे. मैत्रिणींना सांगत असते.

८ नोव्हेंबर
मागचं चाक आणलं. फ्रेमच्या फटीत सहा मिलिमीटर सैल. अकोल्याला फोन केला. कुलदीप म्हणाला, काका, फ्रेम एकशे अठ्ठेचाळीसची हाय, चाक तुमी एकशे बेचाळीसचं घेतलं. मी म्हटलं, दोन्ही बाजूंना वॉशर टाकतो. तो म्हणाला, काका, हे बैलगाडी नोय.
तोंडाळ आहे. चाक परत केलं, ते मलाच आवडलं नव्हतं म्हणून.

१३ नोव्हेंबर
पायडलच्या दांड्याचं बेअरिंग आणलं. त्याला बाहेरून आटे, फ्रेमला आतून आटेच नाहीत. कंपनी पाडायला विसरली. हे कुलदीपला कळवलं. त्याने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, काका, ते दाबून बसवायचं असते, त्याची जात अलग येते. तुमी असं करा, फ्रेम घेऊन अकोल्याले या.
गेलो नाही. मापं फोनवर सांगितली.

१९ नोव्हेंबर
बारा गिअरची थाळी आणली. चाकाच्या हबवर शिरली नाही. जोर लावला. अजून जोर लावला. आता निघतही नाही.
प्रणालीने पाहिलं. काही म्हणाली नाही. जुन्या लोखंडी सायकलीवर वडाळीच्या बाजूला सरावाला गेली. बाप काम करत असताना मध्येमध्ये बोलू नये, हे तिला कळतं.

२४ नोव्हेंबर
कुलदीपने एसटीच्या पार्सलने सगळे पार्ट पाठवले. प्रत्येकावर चिठ्ठी, कोणतं कुठे जाणार याची. चिठ्ठ्या वाचल्या नाहीत. एकदाच वाचल्या. सगळं बरोबर बसलं. माझा हात बसला की पुढे असंच होतं.
पार्सलमध्ये एक पुडी होती, करड्या मलमाची. बोटावर घेतलं तर रेती लागली. माल खराब निघाला. फेकून दिली.

३० नोव्हेंबर, रविवार
सायकल उभी. ठरल्या तारखेला. आशाने हळदकुंकू वाहिलं.
सीटची नळी फ्रेममध्ये शिरते तिथे भरपूर ग्रीस लावलं. ग्रीस लावल्याशिवाय मी आयुष्यात एक नट बसवलेला नाही. अंगणात भिंत धरून सीटवर बसलो. हळूहळू खाली गेलो, लिफ्टमधून गेल्यासारखा. प्रणाली हसली. मग म्हणाली, बाबा, तिथं ग्रीस नसते लावत. कुलदीपदादानं पकडीची पेस्ट देल्ती ना?
म्हटलं, ती रेतीची पुडी मिळालीच नाही.
ट्रायल उद्या.

२ डिसेंबर, मंगळवार. दुपारी
सीट अजून सरकते. नळी आवळणाऱ्या पकडीच्या नटाजवळ किती ताकद लावायची ते छापलंय. आकडा पाच. एसटीच्या चाकाचा नट मी घट्ट करायचो, तिथे पाच? कंपन्या घाबरट असतात. माझा हातच टॉर्क रेंच आहे. पान्याला पाईप लावला आणि ओढला.
सीट पक्की झाली.
एक आवाज आला. टक. पान्याचा असेल.

३ डिसेंबर
पकडीच्या खाली फ्रेमवर रेघ दिसते. केसासारखी, अडीच बोटं. पेंटची. जुनी फ्रेम आहे, पहिल्यापासून असणार.
ट्रायल घेतली नाही. कंबर धरली आहे.

५ डिसेंबर
रेघ तीन बोटं. परवा बोटं नीट ठेवली नसतील.
प्रणालीने विचारलं, देता का आता, सराव करा लागते. म्हटलं, ब्रेक जुळवतोय. तिने विचारलं, ट्रायल घेतली का? म्हटलं, कंबर. ती आतून मलम घेऊन आली आणि कमरेला चोळून दिलं. खूप वेळ चोळत होती. कंबर खरंच दुखायला लागली.

७ डिसेंबर, रविवार
रेघेवर नखाने टकटक करून पाहिलं. बाजूला आवाज खणखणीत, रेघेवर भद्द. भिंतीचं प्लास्टर सुटलं की असा येतो.
संकल्प: उद्या तिला सांगायचं. सांगण्यासारखं काही आहे असं नाही. माहिती म्हणून.

८ डिसेंबर
आज तिची परीक्षा होती. अशा दिवशी मुलांना काही सांगू नये.

९ डिसेंबर
लाल रेडियमची पट्टी होती घरात. रेघेवरून गुंडाळली. छान दिसते. गाडीच्या मागून येणाऱ्याला दिसलं पाहिजे, सुरक्षेचा विचार.

१० डिसेंबर, बुधवार
सायकल सोपवली. तिने चाकं फिरवली, गिअर टाकले, ब्रेक दाबले. म्हणाली, बाबा, मस्त केली. मग लाल पट्टीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? म्हटलं, शोभेसाठी. तिने पुन्हा विचारलं, आणि ट्रायल? म्हटलं, माझं वजन चौऱ्याऐंशी किलो, नाजूक वस्तू. म्हणाली, बरं.
तिने सायकल भिंतीला टेकवली आणि जुनीवर सरावाला गेली. नवी शर्यतीसाठी राखून ठेवते आहे. मीही लहानपणी दिवाळीचा सदरा असाच ठेवायचो.

१२ डिसेंबर
जेवताना ती तीनदा म्हणाली, बाबा, काई सांगायचं हाय का? तीनदा. पोरीला स्पर्धेची भीती वाटते, धीर हवा आहे. सांगितलं, उतारावर ब्रेक सोडू नको. आशा ताटावरून माझ्याकडे पाहत होती. भाजीत मीठ जास्त होतं, पण बोललो नाही.

१३ डिसेंबर, शनिवार
कुलदीप पिकअप घेऊन आला, मुक्कामाला अकोटला जाणार. कार्बनची सायकल मागे बांधली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. प्रणाली पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा सांगायला तोंड उघडलं होतं. म्हटलं, पाणी घेतलं का?
गाडी गेली. उतार किती उभा आहे ते मी कधी विचारलंच नाही.
सकाळी सहाच्या बसने जायचं. तिथे जाऊन सांगायचं. अशा गोष्टी फोनवर सांगत नाहीत.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी ४. दर्यापूरच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला
सहाची बस चुकली. चपला सापडत नव्हत्या. चपला पायात होत्या. सातची घेतली.
बसमध्ये वाक्य जुळवत बसलो. आधी सुरुवात केली, बेटा, थोडी रेघ आहे. मग खोडलं. अंजनगाव गेल्यावर फोन काढला. तिचा नंबर लावला. बंद होता. पावणेनऊ वाजले होते. नऊला सुरुवात. तेव्हा पहिल्यांदा मला उतारावर ती फ्रेम रेघेवर मोडताना स्पष्ट दिसली. प्रणालीसकट.
पोहोचलो तेव्हा मुली टेकडीवर गेलेल्या होत्या. मी लोकांना ढकलत, ओरडत उताराच्या पायथ्याशी गेलो. थांबवा म्हणून ओरडलो. कुणी ऐकलं नाही. दोन मुली धूळ उडवत गेल्या, मग आणखी तीन. मग प्रणाली आली. दुसऱ्याच, निळ्या सायकलवर. तिच्या मापाला ती मोठी होती, पाय जेमतेम पुरत होते.
कार्बनची सायकल पिकअपला टेकवून ठेवली होती. लाल पट्टी सोलून, नीट घडी करून, हँडलला चिकटवलेली. रेघ आता चार बोटं.
ती अकरावी आली. सहा जणी घेतल्या.
कुलदीप म्हणाला, माझी सायकल मोठी हाय काका, तिच्या उंचीले जमत नाई. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
प्रणालीला म्हटलं, मी सांगायलाच येत होतो. ती म्हणाली, हो बाबा.
विचारलं, पट्टी काढून कधी पाहिलंस? म्हणाली, काल, अकोटले. पण कायी पाहा लागलंच नोतं. तुमी ट्रायलले बसले नाई, तवाच समजलं. बुधवारीच कुलदीपदादाले फोन लावला. मंग रोज वाट पाहून राहिली होती, तुमी आज सांगसान, उद्या सांगसान.
मी म्हटलं, मी तुला बसू दिलं नसतं.
तिने बॅगेची चेन लावली. मी ते पुन्हा म्हटलं नाही, कारण खरं काय ते मला माहीत नाही. बसू दिलंच होतं.
कुलदीप सायकली घेऊन अकोल्याला गेला, आम्हाला परतीला काळीपिवळी जीप मिळाली. कोंबून बारा माणसं. दर्यापूरच्या अलीकडे ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, ब्रेक पार खाली जाते म्हणाला. प्रणालीने माझ्याकडे पाहिलं नाही. मी आपणहून सांगितलं की मेकॅनिक आहे, आणि खाली वाकलो. मागच्या चाकाजवळ ब्रेकचं तेल ओघळत होतं. ड्रायव्हर म्हणाला, काका, सावकाश नेतो, घर येईपर्यंत होते ना? मांडीवर पोर घेऊन बसलेली बाई म्हणाली, होते म्हना हो काका, पोरगं रडून राहिलं.
होते म्हणायला जीभ वळली होती. तोंडातून निघालं, नाही. याच्यात मी बसणार नाही, तुम्हीही बसू नका.
ड्रायव्हरने हात जोडले, मग शिवी दिली. एक म्हातारा म्हणाला, मोठे आले साहेब. सगळे उतरले. दुसरी गाडी यायला तासभर तरी आहे म्हणतात. सगळे माझ्याकडे पाहून बोलतात.
बाभळीखाली एक दगड आहे. प्रणाली त्यावर बसली, शेजारी बॅग ठेवून. आत्ता तिने बॅग उचलून मांडीवर घेतली आणि सरकली. मी जाऊन बसलो.
माझ्यासाठीच सरकली असं नाही. सावली तेवढीच आहे, म्हणून असेल.