दुसरं टोक

३ फेब्रुवारी, मंगळवार

लॅपटॉपनं आज स्वतःला अपडेट करून घेतलं. मला विचारलं नाही. सकाळी झाकण उघडलं तर गोल फिरतंय. दोन तास फिरत होतं. मग नवा पडदा, त्यावर कुठला तरी बर्फाचा डोंगर. पुण्याच्या मांजरी गावात बर्फाचा डोंगर!

ते जाऊ दे. दुपारी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी तिला बाहेर बसवलं, मला आत घेतलं. गळ्यातली गाठ काढावीच लागेल. सतरा तारीख दिली आहे. आवाजाची नस त्या गाठीला चिकटली आहे. म्हणाले, नस वाचवायचा प्रयत्न करू, पण आवाज परत येईल असं मी आज सांगत नाही.

आईला एवढंच सांगितलं की गाठ काढतात आणि चार दिवसांत घरी सोडतात. आवाजाचं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. आवाज जाईल म्हटलं तर ही बाई ऑपरेशनच करून घेणार नाही.

इथे लिहिलं, बरं वाटलं. वही टीव्हीवर पडलेली असते, लपवायची कुणापासून? बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी आणि आई, दोघंच. आईला अक्षर येत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आई गातेय. कालपासून थांबायचं नाव नाही.

वर्षभर ती गाणी फोनमध्ये भरते आहे. सोनालीनं, माझ्या मुलीनं, शिकवलं तिला. लाल ठिपका दाबायचा, गायचं, पुन्हा ठिपका. तिच्या स्वतःच्या ओव्या – उसाच्या फडातल्या, जात्यावरच्या, विहारातल्या. कागदावर एक ओळ नाही, सगळं डोक्यात. आठवड्याला एखादं गाणं व्हायचं. कालपासून सात!

गॅलरीचं दार लोटून बसते. मी समोर गेलो की गप्प. माझा फोन पुढे धरून पाहिला, तर म्हणाली, तू असलास की गळा धरतो. तिला तिचाच फोन लागतो आणि आसपास कुणी नको असतं.

मग काय, दाराला कान लावून उभा राहिलो. एकसष्ट वर्षांचा बाप्या!

उसाच्या फडामंदी पाचट टोचे पायाला
नवं नाव ठेविलं ग माझ्या पहिल्या बाळाला

ते बाळ मी. दीक्षेनंतर आमच्या घरात जन्मलेलं पहिलं पोर, म्हणून आजोबांनी धम्मदीप ठेवलं. हे गाणं मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. ब्याऐंशी वर्षांच्या या बाईच्या आत किती साठलेलं आहे!  कुकरची शिट्टी झाली तरी हललो नाही, डाळ करपली.

७ फेब्रुवारी, शनिवार

फोन भरला. 'जागा शिल्लक नाही.' आई म्हणते अजून बरीच राहिली आहेत. जुनी पुसायला ती तयार नाही, मीही नाही.

लॅपटॉपवर उतरवली की फोन मोकळा. दिवाळीत सोनालीनं दोन्ही ब्लूटूथनं जोडून दिले होते आणि बघायला म्हणून एक गाणं पाठवलं होतं. गॅलरीतून स्वयंपाकघरातल्या टेबलावर – वायर नाही, काही नाही. मी तेव्हा खरंच उठून पाहिलं होतं, मध्ये काही लोंबतंय का.

आज बटण दाबलं. 'फोनला विचारत आहे…' अर्धा मिनिट. मग, 'जोडणी झाली नाही. पुन्हा प्रयत्न करा.' केला. नऊ वेळा केला.

दुसरी वाट नाही. चार्जिंगचं भोक सैल आहे, फोन वाकडा धरला तर कसाबसा चार्ज होतो, गाणी काय जाणार. आणि नेट आईनं बंद करून ठेवलंय – विहारात पोरांनी सायबर चोरांची माहिती सांगितली तेव्हापासून. फोननं काहीही विचारलं की 'नको' दाबायचं, हे तिला पाठ.

दहा दिवस राहिलेत.

८ फेब्रुवारी, रविवार

एरवी रविवारी सोनाली कोथरूडहून येते. आजी-नात गॅलरीत फोनवर डोकी घालून तासन् तास काहीतरी खेळतात आणि हसतात. आज तिला ऑफिसचं काम होतं. फोनवरूनच सांगत गेली, मी करत गेलो. ब्लूटूथ बंद-चालू. लॅपटॉप बंद-चालू. जुनी जोडणी पुसून नवी. शेवटी म्हणाली, "पप्पा, अपडेटचाच घोळ आहे. पुढच्या रविवारी येते."

सोनालीला आवाजाचं सांगितलंय. 

९ फेब्रुवारी, सोमवार

ड्रायव्हर काढून परत घातला. झालं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

अपडेट मागे घ्यायला गेलो. लॅपटॉप म्हणतो, आता मुदत गेली. सात दिवसांत! टेलिफोन खात्यात असताना आमची साधी रजा मंजूर व्हायला महिना लागायचा.

आई गॅलरीत नुसती बसली होती. ओठ हलत होते. विसरू नये म्हणून मनात घोकते आहे, असं दिसलं. मला पाहवेना.

११ फेब्रुवारी, बुधवार

आईला विचारलं, तुझ्या फोनवर काही येतं का ग? म्हणाली, "येत्यात चोरटे. मी घालवते." कर्जवाल्यांचे कॉल असणार, ते सगळ्यांनाच येतात.

आज चौदा वेळा प्रयत्न केला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चिडायला हवं, पण आज चिडता आलं नाही.

छत्तीस वर्षं केबल जॉइंटर होतो. शनिवार पेठेत रस्त्याखालच्या खड्ड्यात उकिडवं बसून तांब्याच्या तारांच्या जोड्या जोडल्या. चारशे जोड्या एका केबलमध्ये, प्रत्येकीचा रंग पाठ. पुण्यातला कुणीही कुणाशी बोलला की त्याच्या बोलण्याखाली कुठेतरी तांबं होतं आणि ते माझ्या किंवा माझ्यासारख्याच्या बोटांखालून गेलेलं होतं. याचा मला माज होता. अजून आहे.

आणि आता बघ – याच खोलीतून, या क्षणाला, शेजाऱ्यांचे सिनेमे, कुणाचे निरोप, कुणाची भांडणं, सगळं चाललंय. भिंतीतून. माझ्यातून. मला गुदगुलीसुद्धा होत नाही! हात हवेत फिरवून पाहिला. कुणी पाहिलं नाही ते बरं. एवढं सगळं जातं, आणि माझ्या आईचा आवाज वीस पावलं का जात नाही?

१४ फेब्रुवारी, शनिवार

मच्छिंद्रचा फोन आला, आईची चौकशी करायला. आम्ही दोघं एका जोडीचे – मी खड्ड्यात, तो पलीकडच्या पेटीपाशी. मी एकेक तार धरायची, त्यानं तिकडून 'आली' म्हणायचं. वीस वर्षं आम्ही एकमेकांशी 'आली' आणि 'नाही आली' एवढंच बोललो.

त्याला सगळं सांगितलं. लॅपटॉपवर काय काय केलं, सगळी यादी. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसऱ्या टोकाला कोण आहे?"

म्हटलं, आई आहे. फोन तिच्या हातात असतो.

"मग ती काय म्हणते, 'आली' का 'नाही आली'?"

 आठवडाभर मी एकच टोक कुरतडतोय! बिघाड अपडेटचा म्हणून लॅपटॉप उघडून बसलो, आणि फोन तर बदललाच नाही म्हणून तिकडे फिरकलो नाही. नव्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला पेटीपासून हाकललं असतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सोनाली आली. तिला लॅपटॉपपाशी बसवलं, मी गॅलरीत आईच्या शेजारी. म्हटलं, दाब.

आईच्या फोनवर चौकट आली. खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नको'. मी काही बोलायच्या आत आईचा अंगठा 'नको'वर. आतून सोनाली ओरडली, नाही झालं!

म्हणजे आठवडाभर ही असं करत होती. मी विचारायचो, ही मला घालवायची.

म्हटलं, आई, तो मीच आहे ग, लॅपटॉप! का घालवलंस?

तिनं चौकटीवर बोट ठेवलं. तिथे इंग्रजी अक्षरं आणि आकडे, कंपनीनं ठेवलेलं नाव. अपडेटनं सोनालीनं दिवाळीत ठेवलेलं नाव पुसून आपलं लावलं होतं.

"ह्यो तू न्हाईस," आई म्हणाली. "दिवाळीला आलं तवा धम्मदीप लिहिलेलं व्हतं. म्हनून मी हो म्हनले. ह्या कुना परक्याला माजी गानी कशापायी देऊ?"

 विचारलं, तुला वाचता येतं?

"तुजं नाव येतं."

सोनाली दारात उभी होती. खाली बघत होती.

माझं नाव येतं! चित्रासारखं ओळखत असेल, पण ओळखते. ज्या बाईला शाळेच्या उंबऱ्याशी कुणी उभं केलं नाही, ती ब्याऐंशीव्या वर्षी माझ्या नावाची राखण करत होती. आणि मी ड्रायव्हर काढत होतो.

लॅपटॉपचं नाव बदललं. धम्मदीप. मराठीत. पुन्हा दाबलं. आईनं चौकट पाहिली, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग 'हो' दाबलं.

आली!

एक, दोन, तीन… चौसष्ट गाणी. टेबलापाशी उभा राहून मी एकेक उतरताना पाहिलं. तासभर लागला. मध्ये भिंत, भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यातून आई येत होती. मला रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मच्छिंद्रला फोन करून एकच शब्द म्हटला. 

१६ फेब्रुवारी, सोमवार

आई सकाळपासून गातेय. सोनालीनं रजा घेतली. दुपारपर्यंत अकरा झाली. दुपारनंतर आवाज बसला तरी थांबेना.

पाचच्या सुमाराला बाहेर आली आणि फोन माझ्या हातात दिला. विचारलं, संपली का? म्हणाली, "संपतील कशी. पन आता पुरं."

तीही उतरवून घेतली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. आई ठीक आहे.

नस वाचली नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या सोडतील. आई डोळ्यांनी बोलते, हातानं बोलते. आवाज परत येणार नाही हे तिला कसं सांगायचं? सोनाली म्हणाली, मी सांगते. म्हटलं, नको, मीच सांगेन. घरी गेल्यावर.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरी आलो. बॅगा ठेवून वळलो तर आई टीव्हीपाशी. ही वही घेतली, माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि खाटेवर बसून लिहायला लागली. अर्धा तास. खाली आहे ते तिचं अक्षर. मी बोट लावलेलं नाही.

धमदीप. तीन तारखेचं पान मी चार तारखेला वाचलं. रविवारी सोनालीनं शिकिवलं. तुजं अक्षर मोठं हाय. वाचाया सोपं. म्हनून समदं आदी गाऊन घेतलं. आता रडू नको. च्या ठेव.