पायरीखालचं अर्धं पान

प्रिय स्टाथिस,

फोनवर तू आधी ओरडतोस आणि मग फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र. बसवाला थिमिओस ते दुपारपर्यंत तुझ्या हातात देईल. रागावलास तरी शेवटपर्यंत वाच, आणि तोवर स्वयंपाकघराच्या पायरीला पहार लावू नकोस.

मी बरी आहे. दिवसभर संग्रहालयाच्या कोठारात संगमरवराचे तुकडे धुते, अक्षरांवर ओला कागद ब्रशने ठोकून ठसा घेते, मग नोंद करते. आमच्या मुख्य बाई, मेल्पोबाई, म्हणतात, "एव्हान्थिया, दगडांशी बोलतेस तेवढं माणसांशी बोलली असतीस तर एव्हाना नातवंडं झाली असती." मी म्हणते, दगड उलटून बोलत नाहीत.

पण मागे एक बोलला. आपल्याच गावच्या खणकामातून आलेला थडग्याचा तुकडा. 'त्याच्या आईने उभारला' एवढंच वाचता येतं. मुलाचं नाव हरवलेल्या भागावर. तुटक्या कडेवर आयव्हीच्या वेलीचं कोरलेलं पान, तेही अर्धंच. ते पाहिलं आणि मला आपली स्वयंपाकघराची पायरी आठवली.

आठवतं, मांजरीनं पायरीखाली पिल्लं घातली होती? तुझा हात पोचेना म्हणून मी पालथी पडले, तर पिल्लांच्या आधी बोटांना कोरीव अक्षरं लागली. आजोबांनी शेतातून खेचरावर आणलेला तो दगड, अक्षरं खाली आणि गुळगुळीत पाठ वर. त्याच्यावर बसून आई अजून रानभाजी निवडते. गेल्या सणाला डोकं दुखतंय म्हणून मी घरी राहिले ना, आणि तुझी बायको आर्गिरो म्हणाली, "शहरवाल्यांना देवळातही डोकेदुखी"? तुम्ही गेल्यावर मी पुन्हा पालथी पडले. उरलेलं अर्धं पान तिथेच आहे. त्याच्याआधी नाव आहे, सबंध.

हे फोनवर सांगितलं तर तू काय म्हणालास? "ताई, तुझ्या दगडांना छप्पर आहे, माझ्या पाहुण्यांच्या खोल्यांना कधी होणार? पांडेलिसचं अंगण बघ. पुरातत्त्व खात्याचे लोक खणायला आले, दोरी बांधून गेले. खड्ड्यात अंजीर उगवलं, त्याला फळं धरली! सोमवारी पायरीचा दगड फोडतो आणि खोल्यांच्या पायाभरणीत घालतो, कोण विचारतंय?" पांडेलिसचं खोटं नाही रे. खोल्यांसाठी तू होडी विकलीस, तेही मला ठाऊक आहे. म्हणूनच मी रोज तो तुकडा हातात घेत होते आणि उरलेला भाग कुठे आहे ते लिहायच्या 'जोड' या रकान्यात काही न लिहिता खाली ठेवत होते. मला तुझी भीती वाटत होती, आणि तुझ्यासाठीही.

आज सकाळी मी मेल्पोबाईंना सगळं सांगितलं. कुण्या आईनं लेकाचं नाव कोरून घेतलं. ते तुझ्या काँक्रीटखाली जाऊ देणं मला जमलं नाही. उद्या बाई पुरातत्त्व खात्याच्या माणसांना घेऊन येतील. काम थांबेल, किती दिवस ते मला माहीत नाही. खोटा धीर देत नाही. रागाच्या भरात दगड फोडलास तर गुन्हा तुझ्यावर दाखल होईल, आणि मला विचारलं तर मी खरं तेच सांगेन. हे परक्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. आईला अजून काही ठाऊक नाही. दगड उचलण्याआधी दाराशी तिच्यासाठी एक खुर्ची मांड. बुटकी बघ, तिला पायरीच्या उंचीची सवय आहे.

तू मानलंस तर अजून तुझीच,
एव्हान्थिया