येते म्हणून गेलेल्या ताईस

ती. ताईस,

कटकट्याचा नमस्कार. कागदावर साष्टांग, प्रत्यक्षात खुर्चीत बसल्या बसल्या मान वाकवून, कारण मी एकदा खाली गेलो की उठवायला दोन माणसं लागतात आणि घरात तुझी भावजय एकटीच आहे. (ती. म्हणजे इथे तीर्थरूप की तीर्थस्वरूप, हे तू मला कान धरून शिकवलं होतंस. कान लक्षात आहे, धडा नाही. म्हणून नुसतं ती.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं ब्लडप्रेशर? ते अजून शब्दकोडं पेनानेच सोडवतात का, आणि चुकलं की पेपरवाल्यांना नावं ठेवतात का? आमचं इकडे बरं चाललंय. माझा डावा कान संपावर गेलाय, त्यामुळे निर्माते बोलायला लागले की मी त्यांना मोठ्या आदराने डावीकडे बसवतो.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की मी पुन्हा एक कौटुंबिक चित्रपट काढतो आहे. नाक मुरडू नकोस. हा शिक्का एकदा बसला की धुऊन जात नाही. मधे मी हौसेने खुनाची गोष्ट लिहायला घेतली होती. मध्यंतरापर्यंत आमचा खुनी मेलेल्याच्या आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होता आणि शेवटी तो त्याच घरात राहायला गेला. निर्माते म्हणाले, खून काढून टाका, बाकी झकास आहे. काढला. तोच माझा सगळ्यात जास्त चाललेला चित्रपट.

मुलाखतीत मला विचारतात, तुमच्या कारकिर्दीची सुरुवात कुठे झाली? मी घसा खाकरून शिक्षणसंस्थेचं नाव सांगतो. खरं तर ती झाली आपल्या मधल्या खोलीत, दारावर आईची चादर टांगून. राजा तू, राणी तू, घोडाही तूच. मला एकही वाक्य पाठ व्हायचं नाही म्हणून मी दिग्दर्शक. (या धंद्यात आलेले बरेचजण याच वाटेने आलेत, पण कबूल करणारा मी एकटाच.) प्रेक्षक म्हणून बाबा, तेही पेपरमागे. मी दर दोन वाक्यांनी तुला थांबवायचो, घोडा असा खिंकाळत नाही, राणी अशी बसत नाही, आणि तू मला कटकट्या म्हणायचीस. पुढे जन्मभर मी 'कट, कट' ओरडून पोट भरलं. एवढं अचूक भविष्य आजवर कुठल्या ज्योतिष्याने सांगितलं असेल असं वाटत नाही.

मग तू गेलीस. लग्न, भाऊजींची नोकरी, समुद्रापलीकडचं गाव. मामाचा कॅमेरा मी मोठ्या फुशारकीने मागून आणला होता. निरोपाचा सगळा सोहळा टिपायचा होता. तू दारात वळलीस, 'येते' म्हणालीस (जाते म्हणायचं नाही, हे आईने आपल्या दोघांच्याही हाडीमाशी भिनवलं होतं), आणि नेमकं तेव्हा मला रडू कोसळलं आणि कॅमेरा खाली गेला. त्या फिल्मवर तुझ्या चपला आहेत, उंबरठा आहे, मग नुसताच उंबरठा आहे. तू नाहीस. आता समीक्षक लिहितात की माझा कॅमेरा निरोपाच्या वेळी नेहमी पायांकडे वळतो, ही जमिनीशी असलेली नाळ आहे. मी गंभीरपणे मान हलवतो. त्यांना काय सांगू, की बाबांनो, नाक पुसायला एक हात लागतो!

पहिल्या चित्रपटाचं रामायण तुला अर्धंच माहीत आहे. त्यात बहीण घर सोडते. मी संवाद लिहिला, 'येते.' आणि ती गेली. कोणत्या प्रसंगात कोण हजर, कपडे कुठले, याची नोंद ठेवणारी आमची सहायिका दुसऱ्या भाषेतली होती. बिचारी मराठी नेमाने शिकत होती, व्याकरणाच्या पुस्तकातून. तिने वाचलं, बहीण येते. आली म्हणजे पुढच्या प्रसंगात असणारच. दुसऱ्या दिवशी मी सेटवर पोचलो तर घरचे जेवायला बसलेत आणि त्यांच्यात जी आदल्या दिवशी सगळ्यांना रडवून गेली, ती बहीण बसून वरणभात कालवते आहे! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी 'कट' म्हणायला तोंड उघडलं आणि ताई, माझ्या तोंडून तो शब्दच फुटेना. इतकं बरं दिसत होतं ते. सगळी माणसं जागच्या जागी. ती जेवून उठेपर्यंत कॅमेरा चालू ठेवला. संकलकाने डोक्याला हात लावला, निर्मात्यांनी माझ्या, पण लोकांनी तो प्रसंग डोक्यावर घेतला. ही बहीण म्हणजे घराची आठवण, असं छापून आलं. सहायिकेची चूक म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती सहायिका पुढे माझ्या प्रत्येक चित्रपटाला होती. तिचं मराठी आता तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं आहे, पण 'येते' या शब्दाविषयी ती अजून आपल्या मतावर ठाम आहे. आणि मीही तिच्याच बाजूचा आहे.

तेव्हापासून माझ्या चित्रपटांत बहिणी जातात आणि परत येतात. पावसात येतात, गाडीने येतात, एक तर चक्क होडीतून आली. आता या नव्या चित्रपटातही शेवटी दार उघडतं आणि कित्येक वर्षांनी ताई आत येते. निर्माते म्हणाले, हल्ली असं कोण येतं? व्हिडिओ कॉलवर भेटू द्या दोघांना. मी डावा कान पुढे केला. पण या ताईचं काम करणारी नटी पडली अभ्यासू. (अभ्यासू नटासारखा दुसरा ताप नाही.) पहिल्या वेळी ती बॅग रुमालासारखी झुलवत आली, कारण बॅग रिकामी. म्हणून सेटवाल्यांनी आत विटा भरल्या आणि भावाचं काम करणाऱ्याला सांगायचं राहून गेलं. त्याने धावत जाऊन प्रेमाने बॅग उचलली आणि तो तसाच वाकलेला राहिला. डॉक्टर येईपर्यंत आम्ही त्याचा क्लोजअप उरकून घेतला, वेदना फार खरी आली होती. मग दाराचं हँडल हातात आलं. मग दार उघडेचना, आणि ताई बाहेरून, भाऊ आतून, दोघं एकमेकांना शिव्या देत ढकलत होते. तुमचं दोघांचं लहानपण आठवलं असेल, असं घरी हे ऐकून तुझी भावजय म्हणाली.

हे सगळं निस्तरल्यावर ती नटी माझ्याजवळ आली आणि तिने साधाच प्रश्न विचारला. सर, आत आल्यावर ती आधी कुठे बघते? मी म्हटलं, घराकडे. ती म्हणाली, घराकडे म्हणजे भिंतींकडे, की माणसांकडे? आणि भाऊ म्हातारा झालेला दिसल्यावर हसते की गप्प होते? ताई, जन्मभर लोकांच्या बहिणी घरी आणल्या, पण मला हे माहीत नाही. तू मधे येऊन गेलीस, नाही असं नाही. पण एकदा मी बाहेरगावी चित्रीकरणात होतो आणि एकदा विमानतळावर चुकीच्या दाराशी उभा होतो. घरी पोचलो तोवर तू ओट्यापाशी आईच्या डब्यांची झाकणं उघडून नावं ठेवत होतीस. आलेली ताई मला दिसली, येताना कधी दिसली नाही. चपला मात्र जातानाच्या अजून दिसतात.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की सवडीने चार ओळी लिहून पाठव. दारातून आत येताना तू आधी कुठे बघतेस? मी त्या नटीला वाचून दाखवेन. चित्रीकरण त्यापायी अडून बसलंय. उत्तराची वाट बघतो. भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझा,
कटकट्या

ता. क. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. (मी लपवून ठेवलं होतं, म्हणून तर तिला सापडलं.) ती म्हणते, ताईंना खोटं का लिहिता? तर चित्रीकरण अडलेलं नाही. तो प्रसंग मागेच झाला. नटी आत आली, तिने आधी चप्पल काढायला जागा शोधली आणि मग भावाकडे बघितलं. तिला हे सुचलं कसं, देव जाणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी डोळ्यांत काही गेल्याचं सांगून बाहेर जाऊन बसलो. थोडक्यात, चित्रपटाचं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. माझं अडलं आहे. मला एकदा तुला येताना बघायचं आहे. चित्रीकरण वगैरे काही नाही, कॅमेरा घरात ठेवणार नाही, दोन्ही हात मोकळे ठेवीन.

ता. क. २. आणि यायचं ठरलं तर 'येते' असं मात्र कळवू नकोस. आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो. सरळ ये आणि कडी वाजव. उजव्या कानाने मला अजून नीट ऐकू येतं.