लुगड्यात मावलेलं कार्थेज

पनवेल,
मंगळवार, २२ जानेवारी १९५७

तीर्थरूप दादांच्या चरणी वेणूचा नमस्कार.

"रोमवर सगळं जग प्रेम करतं, वेणू, तू कार्थेजवर कर, त्याला कुणी नाही," असं तुम्ही मला म्हणाला होतात, त्याला आता तेहेतीस वर्षं झाली. तुम्ही मॅट्रिकच्या अभ्यासाला बसला होतात आणि मी समोर शेंगा सोलत होते. (सोललेल्यातले निम्मे दाणे तुम्ही खाल्लेत, तेही माझ्या लक्षात आहे.) दहा वर्षांच्या मुलीला असलं काही सांगू नये, दादा. ती ऐकते.

तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल असं धरून चालते. वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना म्हणावं, लेप लावताना तुम्ही औषधाचा इतिहास सांगू लागलात तर सरळ उठून जायचं. इकडे ह्यांचा खोकला थंडीमुळे घरात मुक्कामाला आहे. बाकी क्षेम. मी एका गोष्टीपायी गावात नाव कमावलं आहे. ते चांगलं की वाईट, हे येत्या रविवारी ठरायचं आहे.

माझा मुलींचा वर्ग तुम्हांला ठाऊक आहेच. मिठागरांवर काम करणाऱ्या बायकांच्या तेवीस मुली, खाडीकाठी तुळशीरामशेठच्या मिठाच्या वखारीची पडवी आणि एक फळा, जो खारट हवेने आता फळ्यापेक्षा पापडासारखा दिसतो. तुळशीरामशेठ माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा, आणि मन कधी मोठं होईल ते सांगता येत नाही. होळीनंतर पडवीत पोती येणार, तेव्हा वर्ग उठवा, असं त्यांनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं. दुसरी जागा नाही. वर्ग एकदा मोडला की त्या मुली टोपल्या उचलायला जातील आणि परत यायच्या नाहीत, हे मला त्यांच्या आयांइतकंच ठाऊक आहे. त्या काळजीत असताना मला दुसरं काही शिकवणं सुचेना, म्हणून मी त्यांना कार्थेज वसवणाऱ्या राणी एलिसाची गोष्ट सांगितली.

टायर नावाच्या बंदराची ती राजकन्या गलबतं घेऊन कशी निघाली (तिला पळावं लागलं ते सख्ख्या भावामुळे, हा भाग सांगताना मी तुम्हांला मनात येऊ दिलं नाही), आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिने एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा कशी मागितली, आणि लोक हसून हो म्हणाल्यावर त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून अख्ख्या टेकडीला वेढा कसा घातला, हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. मुलींच्या मागे त्यांच्या आया येऊन बसल्या होत्या. त्यांतल्या ठमाबाई म्हणून एक आहेत, त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. त्यासुद्धा म्हणाल्या, "बाई हुती खरी!"

तुळशीरामशेठ तेव्हा उरणला गेले होते. पुढचं सगळं महाभारत एवढ्यावरून घडलं. ते परत आल्यावर मी जागेचा विषय काढला, तर मुकादमासकट दहा-बारा माणसांसमोर ते म्हणाले, "बाई, तुमी लय मागं लागलाव. जावा, येक लुगरा मावंल येवरी जागा दिली तुमच्या शालेला!" माणसं हसली. मागे मुली एकमेकींना कोपरं मारू लागल्या. तेवढ्यात ठमाबाईंनी पुढे होऊन मिठाच्या राशीतली एक मूठ उचलली आणि शेठच्या हातावर ठेवली. "मंग हातान मीठ घेवन बोला." आमच्या या भागात मीठ मुठीत धरून दिलेला शब्द फिरवत नाहीत. शेठनी मजेमजेत तोच शब्द पुन्हा दिला.

लुगडं कुणाचं, तर गंगाबाईंचं. गंगाबाई म्हणजे तुळशीरामशेठची बायको. (त्याही गोष्ट ऐकायला बसल्या होत्या, हे शेठना कुणी सांगितलं नव्हतं.) नऊवारी, हिरवं, दिवाळीचं. मी म्हटलं, जुनेर चालेल हो. तर म्हणाल्या, "जुनाऱ्याची चिंधी तुटते. नवाच घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा बायका ते लुगडं लांबीत फाडायला बसल्या. बोटभर रुंदीच्या पन्नासावर पट्ट्या निघाल्या. प्रत्येक सत्तावीस फूट. माझ्या मुलींनी गाठींचं कापड वजा करून गुणाकार केला, आणि दादा, तुम्हांला सांगते, एकीचंही उत्तर चुकलं नाही. तेराशे फूट! एलिसाप्रमाणे आम्हीही एका बाजूला पाणी धरलं. खाडीच्या कडेपासून निघालेली ती हिरवी दोरी चिंचेला वळसा घालून, वखारीमागून, शेठच्या गोठ्यावरून पुन्हा खाडीला मिळाली, तेव्हा आत दोन बैल, एक होडी, अर्धी वखार आणि खाटेवर चहा पीत बसलेले खुद्द तुळशीरामशेठ आले होते.

त्यांनी दोरी बोटांत धरून पाहिली. मग गंगाबाईंकडे. "ह्यो लुगरा मी वलखतूं," म्हणाले. आणि हसायला लागले ते इतके, की चहा सांडला. "आरं, मी बी शालेनच बसलूंय की!"

आम्हांला सगळं नको होतं. चिंचेखाली दोन खोल्यांपुरती जागा पुरे, म्हटलं. शेठ कबूल झाले, पण त्यांना त्या राणीने पछाडलं. तेव्हापासून रोज मुलींच्या मागे मांडी घालून बसतात. मी त्यांना कार्थेजचं गोल बंदर सांगितलं, मधल्या बेटावरचा आरमाराच्या सरखेलाचा वाडा, भोवती दोनशेवीस लढाऊ गलबतांची घरं. किनाऱ्यावर माल मांडून, धूर करून गलबतात परतणारे त्यांचे व्यापारी सांगितले. तिथले लोक यायचे, मालाशेजारी सोनं ठेवून लांब जायचे, आणि दोन्ही बाजूंचं समाधान होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही, की एक शब्द बोलायचं नाही. "आनी कोनी चोरला नाय?" शेठनी विचारलं. ठमाबाई म्हणाल्या, "तुमी नव्हताव ना थय." सांगताना मी स्वतःच पुन्हा त्या गावाच्या प्रेमात पडते. ज्यांची स्वतःची पुस्तकं उरली नाहीत, ज्यांची हकिगत वैऱ्यांनी लिहिली, आणि त्या वैऱ्यांनाही ज्यांचं मोठेपण लपवता आलं नाही, ती माणसं केवढी असतील!

असो. पत्र लांबलं. प्रकृतीला जपा.

तुमची,
वेणू

ता. क. लिंबाचं लोणचं हे पत्र आणणाऱ्या माणसाकडे दिलं आहे. वहिनींसाठी आहे.

दुसरा ता. क. खरी गोष्ट लिहायची राहिली. जागेचा कागद रविवारी व्हायचा आहे, पण शेठनी अट घातली आहे. "त्या रानीच्या गावाचा पुढं काय झाला, त्या सांगा. आशी युगतीनं घेतलेली जागा लाभत आसंल, तं आंगठा नाय, सही करतूं." मी तीन दिवस बंदरातच रेंगाळते आहे. रोमनांच्या शेवटच्या वेढ्यात बायकांनी दगडफेकी यंत्रांच्या दोरांसाठी आपले केस कापून दिले, इथपर्यंत कसंबसं सांगवेल. पुढचे सतरा दिवसांचे जाळ मला त्या तेवीस तोंडांसमोर सांगवणार नाहीत. पण खोटंही सांगवत नाही. शिकवणी तुमच्याकडे झाली ना.

तिसरा ता. क. काल ठमाबाईंना एकटं गाठून शेवट सांगून पाहिला. गाव जळलं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग घाबरून, लोक सांगतात तेही मी सांगून टाकलं, की रोमनांनी त्या जमिनीवर मीठ पेरलं. ठमाबाईंचा चेहरा एकदम उजळला. "मीठ? वैऱ्यानंच मिठागर करून दिला? मंग लाभली की जागा!" शेठही हेच म्हणतील, मी त्यांना ओळखते. आता, ही मिठाची गोष्ट जुन्या एकाही लेखकात तुम्हांला सापडली नाही, आणि ती परीक्षेत लिहिणाऱ्या मुलाचे तुम्ही पाच गुण कापले होतेत, हे मला माहीत आहे. तुम्ही काय लिहाल, तेही माहीत आहे. पोस्टकार्डावर दोनच अक्षरं असतील. तरी विचारते. दादा, येत्या रविवारी, एका दिवसापुरतं, ते मीठ मला पेरू द्याल का?