पायाशी आलेली सावली

प्रिय दादा,

देश स्वतंत्र झाला त्या सकाळी तू झेंडा चढवलास, तो फोटो संग्रहालयाने फ्रेमसाठी नेमका माझ्याच दुकानात पाठवलाय. सोबत तुझी चिठ्ठी: ‘खालची सावली कापा. फोटो कुणी काढला, आठवत नाही.’

सूर्य पाठीशी असला की काढणाऱ्याची सावली फोटोत येते, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? दोन वेण्यांची ती सावली थेट तुझ्या पायाशी आलीय. आणि तू भाषणात सांगतोस, धाकटी घरी झोपली होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, दादा.

मी काही कापलेलं नाही. काच पुसून फ्रेम पाठवली. हे पत्र मात्र न पाठवता माझ्याकडेच ठेवतेय. उद्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला लोक तुलाच विचारतील, या वेण्या कुणाच्या?

तेव्हाही जागी असलेली,
तुझी धाकटी